करंगळीची खाच

पोलिसाने टेबलावर ठेवलेली पिस्तुलाची मूठ श्रीनाथने बघताक्षणी ओळखली. अमेरिकन सैन्य गेल्यावर रिकाम्या पडलेल्या, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या या बराकीत तो नेमबाजांच्या हाताचे साचे घेऊन अक्रोडाच्या मुठी कोरायचा. एकाची मूठ दुसऱ्याला कधी बसायची नाही. ही त्याने मुलासाठी केलेली. ओजसची करंगळी लहानपणी मोडून वाकडी जुळली होती, म्हणून मुठीवरची खाचही वाकडी. चपखल बसली तेव्हा तो हसून म्हणाला होता, “पास्ट, बाबा.” जर्मनमध्ये, ‘बरोब्बर बसली’. काल नेमबाजीच्या क्लबमध्ये त्याच पिस्तुलाच्या गोळीने एक मुलगी गेली. ओजस म्हणतोय, मी नव्हतो. “ही दुसऱ्या कुणाच्या हातात बसेल?” पोलिसाने विचारलं. “अहो, सांगा ना, कुणालाही बसेल,” बायको काकुळतीला आली. श्रीनाथचं बोट त्या वाकड्या खाचेवर टेकलं. तिने झडप घालून मूठ उचलली, स्वतःची सरळ करंगळी मोडेपर्यंत वाकवून खाचेत दाबली आणि पोलिसाला म्हणाली, “पास्ट.”