भाकर उभी राहायची जागा

पद्माबाईच्या स्वयंपाकघरातल्या धुराचा आकडा बारा आला, तेव्हा पंचशीलाला आनंदाआधी शंका आली. बारा म्हणजे रानातली पहाटेची हवा. दोन वेळा पाच माणसांचं रांधणाऱ्या घरात ती कुठून येणार?

मंठाळच्या या घरात तिनं तीन आठवड्यांपूर्वी मातीची नवी चूल बसवली होती. कलबुर्गीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं तिचं संशोधनच ते. तोंड अरुंद, पोटात वारा खेळता. जळणाला तुराट्या निम्म्या लागणार, धूर आतच जळणार. धूर मोजायची डबी भिंतीवर टांगलेली. बारा आकडा पाहून तिचे मार्गदर्शक सर इतके हरखले, की उद्या साच्यातून आणखी चाळीस चुली पाडायचं ठरवून मोकळे झाले. फक्त तिचा होकार बाकी होता.

ती चुलीपुढं वाकली. चुलीच्या कपाळाला ठसठशीत हळदीकुंकू होतं. पोटात राख मात्र मूठभरही नव्हती.

“चहा करतो की रोज हिच्यावर,” पद्माबाई दारातून म्हणाली. “पाव्हण्यारावळ्यांना दाखवतो बी. कामून, काय कमी पडलं?”

“आन् भाकरी, अक्का?”

पद्माबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मागच्या अंगणाकडं बोट केलं. तिथं जुनी चूल भडकली होती, वर तवा होता.

पंचशीलानं भिंतीवरची डबी काढली, अंगणात नेऊन पद्माबाईच्या तोंडाशी धरली. आकडा सहाशेच्या वर गेला.

“काय म्हणायलीय ती?”

“तुम्ही किती धूर गिळायलात, ते.”

“मग हितं टांगायची की! तिकडं रिकाम्या खोलीत कोण गिळायलंय?”

पंचशीलानं डबी खाली घेतली. तिनं तुराट्यांचं वजन केलं होतं, ज्वाळेचा ताप मोजला होता. बाईला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

“नव्या चुलीत काय खोट हाय, अक्का?”

पद्माबाईनं तव्यावरची भाकर उचलली आणि चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी केली. भाकर बघता बघता टम्म फुगली.

“तुझ्या चुलीत हिला उभं राहायला जागा कुठाय? नुसत्या तव्यावर भाजली की चामडं होतंय. मालक ताटावरून उठत्यात.”

अरुंद तोंडामुळंच तर धूर जळत होता. तोंड मोठं केलं, की थोडा धूर बाहेर येणार; सरांचा बाराचा आकडा गेला. पंचशीलानं एकदा डबीकडं पाहिलं, एकदा भाकरीकडं.

“खुरपं हाय का?”

नुसत्या चहावर चुलीची माती काही पक्की भाजली नव्हती. तिच्या तोंडाचे भराभर ढलपे निघाले. पद्माबाई माप म्हणून भाकर घेऊनच शेजारी बसली.

“आजून दोन बोटं. तव्याकडं नको बघू, भाकरीकडं बघ.”

चूल पेटली. डबी आता पद्माबाईच्या नाकासमोर लटकत होती. दुसरी भाकर नव्या तोंडाशी उभी राहिली, तेवढ्यात सरांचा फोन आला.

“साचा भरायला घेऊ ना? आकडा बाराच आहे?”

“साचा थांबवा, सर. नव्वद आहे.”



“काय बिघडलं?”

“काही नाही, सर. भाकर फुगली.”