दुभाष्याची रजा

सन २००४च्या एप्रिलात, टोकियोच्या फुनाबोरी वस्तीत, यतीनने आईसाठी दुभाष्याचे काम करायला ऑफिसातून रजा घेतली. ‘इथे बोलायला माणूस नाही,’ म्हणत आईने मिरजेला परतण्याचा धोशा लावला होता. तिला शिवणाची आवड, म्हणून त्याने शेजारच्या मोरिता-सान यांना त्यांच्या अडलेल्या शिवणयंत्रासह घरी बोलावले. दोरा खालून सारखा गुंतत होता.

आईने ते परके यंत्र कुतूहलाने चहूबाजूंनी न्याहाळले, दोरा उपसला आणि कापड दाबणारा पाय उचलला. “आधी हा वर, बाई, मग दोरा!”

मोरिता-सान यांनी जपानीत काही विचारत तसाच दोरा ओवला; शिवण सरळ धावली.

“आई, त्या विचारताहेत की—”

“कळलं मला. तू जा ऑफिसला. तू मध्ये बोललास की आमच्या गप्पा तुटतात.”