ओढ्याच्या अलीकडं

फुलंब्री रोडला मोठी टाउनशिप येणार म्हणून बिल्डरनं ओढ्यापलीकडचं रंगनाथचं सगळं वावर घेतलं आणि अलीकडचं कडूबाचं तेवढं सोडलं. रंगनाथ म्हाताऱ्या आईला घेऊन संभाजीनगरात बंगल्यावर राहायला गेला. इकडं कडूबाची विहीर आटली आणि मोसंबीची बाग उभी वाळली. बिल्डरच्या एजंटाला फोन केला की तो म्हणायचा, "पुढच्या टप्प्यात तुमचंच वावर हाय, दम धरा."

"रंगनाथनं नवी गाडी घेतली म्हणं," बायकोनं, साळूबाईनं एकदा जेवताना सांगितलं आणि कडूबानं हातातला घास ताटात ठेवला.

"आपल्याच वावराला काय रोग झाला व्हता?" म्हणत तो ताटावरून उठला. त्या दिवसापासून त्यानं रंगनाथचं नाव टाकलं.

एका सकाळी तीच गाडी त्याच्या बांधाशी येऊन थांबली. आला मिरवायला, असं पुटपुटत कडूबानं पाठ फिरवली. पण रंगनाथ चपला काढून वावरात आला. त्याचे डोळे रडून सुजले होते.

"कडूबा, आई गेली. वावरात बापाला जाळलं तिथंच मला न्या, म्हणायची. बिल्डरचा वॉचमन फाटक उघडंना."

कडूबा गर्रकन वळला. रंगनाथनं त्याच्यापुढं हात जोडले होते.




"तुझ्या बांधाला जागा देतो का रं? इथून निदान आमचं वावर दिसतं."