मॅटला पडलेलं भोक

तिला गाडी चालवता यायची, पण जुन्या पिकअपचा ब्रेक इतका जड, की नवऱ्याच्याच पायाला जुमानायचा. तीस वर्षं शेजारी बसून प्रत्येक उतारावर तिनेही नकळत पाय दाबला. चपलेखालच्या रबरी मॅटला भोक पडलं. "दाब, दाब," तो हसायचा, "तुझ्यामुळेच थांबते गाडी." मग त्याचे गुडघे गेले. गाडी विकायचा विषय निघाल्यावर त्याला अन्न गोड लागेना, तेव्हा तिनेच पॉवर ब्रेक बसवून घेतला. "काकू, नुसता पाय टेकवा," मेकॅनिक म्हणाला. आज स्टिअरिंगवर ती, शेजारी तो. उताराच्या तळाशी फाटक बंद होतं. तिने पाय टेकवला, गाडी अलगद थांबली. पाहते तर त्याचा दुखरा पाय त्याच भोकात रुतलेला. त्याचंच वाक्य जिभेवर आलं, पण त्याच्या कपाळावर घाम होता. "थांबली गाडी," ती म्हणाली. "सोडा आता पाय."