वन्संचा सल्ला

मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, प्रमिलाच्या सहा महिन्यांच्या नातीने मिटक्या मारल्या आणि उष्टावण पार पडलं.

लगेच प्रमिलाची नणंद प्रमिलाच्या सुनेकडे, वृषालीकडे वळली. "फौजदारकीची मैदानी परीक्षा चार महिन्यांवर आलीय ना गं? पळ निर्धास्त. अंगावर पाजतेस तोवर दिवस जात नाहीत."

थोरला तान्हा असताना याच वन्संनी प्रमिलालाही हेच सांगितलं होतं. तिने विश्वास ठेवला, आणि शाळेतल्या नोकरीचं पत्र ट्रंकेतच राहिलं. समोर पुरुषमंडळी बसली होती, तरी आज तिला गप्प बसवेना.

"वन्सं, थोरला अंगावर पीत होता, पाळीही आली नव्हती, तरी मला दिवस गेले. तुमच्या सल्ल्याचा प्रसाद हा इथे बसलाय. लाखमोलाचा आहे, पण वर्षभर थांबला असता तर बरं झालं असतं!"

बाळाच्या बापाचे कान लाल झाले. बायका पदराआड हसल्या.

"आणि आता पोर वरचं खाणार, म्हणजे दूध कमी पिणार," ती सुनेला म्हणाली. "वृषाली, उद्याच दवाखान्यात जाऊन ये."

"आई, मी सोमवारीच तांबी बसवून आले."

"बघ!" नणंदेने संधी साधली. "सासूला विचारलंसुद्धा नाही!"

"नाही विचारलं," प्रमिला म्हणाली आणि तिची मान ताठ झाली. "म्हणून तर फौजदार होणार ती!"