हिरवी चौकी

"नाव सांग मले त्याचं," नीलमने पुन्हा विचारलं. "त्याच्या दारात जाऊन कानाखाली वाजवीन."

आईने भाकर कुस्करूनच वाढली होती, ती सुगत डाव्या हाताने चमच्याने खात होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं अर्धी गेली होती. बर्फातल्या लष्करी चौकीवर हिवाळा सरायच्या आतच रॉकेल सरलं, शेगड्या विझल्या आणि बोटं काळी पडली. हवालदार सुगत आता कायमचा अमरावतीला परतला होता.

धाकट्या भावाचा तो हात पाहिला की नीलमच्या अंगाची लाही लाही व्हायची. इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी ही बाई एरवी कोणाला अरे म्हणत नसे. पण कुठल्यातरी गार ऑफिसात बसून एक नालायक माणूस जवानांच्या रॉकेलवर काट मारतो आणि रात्री सुखाने झोपतो, हे तिला सहनच होत नव्हतं. कोपऱ्यात तिच्या कालच्या सत्काराचा गुच्छ पडला होता, त्याकडेही तिचं लक्ष नव्हतं.

"तुमी मागितलं काहून नाही?"

"मागितलं ना. जेवढ्यात भागते तेवढं." सुगत म्हणाला. "आपल्या घरात कोणी जास्तीचं मागते का?"

ते खरंच होतं. कोणापुढे हात पसरायचा नाही, हे वडिलांनी, पुंजाजींनी, दोन्ही लेकरांच्या मनात लहानपणीच बसवलं होतं. दुसरी भाकरही या घरात कोणी मागत नसे. आई, सुंदराबाईच, ताटाकडे बघून वाढत. आताही त्यांनी न विचारता सुगतला वरण वाढलं. तो "पुरे" म्हणाला, ते त्यांनी कानाआड केलं.

"आमाले रॉकेल धाडणाऱ्या डेपोत परतवाड्याचे देवराव सुभेदार होते," सुगत म्हणाला. "तेही आईसारखेच. माह्या मागणीचा आकडा पाहून फोनवर शिव्या द्यायचे अन् दुप्पट धाडायचे. गेल्या साली त्यांच्या हातून ते काम काढून घेतलं."

"कोणी? त्याचंच नाव पायजे मले!"

"माणूस नव्हताच, ताई. कॉम्प्युटर होता. एका कंपनीनं अन् कॉलेजनं मिळून बनवला म्हणे. आमच्या जुन्या मागण्या पाहून तोच ठरवे. ज्याची मागणी कमी, त्याले गरज कमी. आमची चौकी पडद्यावर हिरवी दिसे. हिरवी म्हणजे जास्तीचं धाडू नका."

नीलमची नजर कोपऱ्यातल्या गुच्छाकडे गेली. कालचा सत्कार कशाचा, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. काम लष्कराचं आहे, बाहेर बोलायचं नाही, असं कंपनीने तिच्याकडून लिहून घेतलं होतं. मागणी हीच गरज धरायची, हे तिनेच ठरवलं होतं. रंगावरून कंपनीच्या लोकांशी वादही तिनेच घातला होता. हिरवा डोळ्यांना बरा वाटतो, म्हणाली होती.

सुंदराबाईंनी तिच्या ताटात भाकर टाकली.

"जाऊ दे ना बाई. मशीनच्या काय कानाखाली वाजवतं? त्याले नाव ना गाव."

"हाय त्याले नाव," नीलम म्हणाली. "नीलम पुंजाजी तायडे."