जपून ठेवलेलं नाव

"बाबा, माझ्या नावाचा अर्थ काय?"

हा प्रश्न पाहुण्यांसमोर विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. मग काय, मी भर बैठकीत विचारला! कारण भाऊ जन्मल्यापासून गेले आठ दिवस बाबा येईल त्याला एक कागद वाचून दाखवत होते. भावाच्या नावाचा अर्थ काय, ते कुठल्या जुन्या भाषेतून आलं, आणि वर "अख्ख्या शहरात या नावाचा दुसरा मुलगा सापडणार नाही!"

"तुझं ना? ते नर्सने सुचवलं," बाबा हसले. "फॉर्म अडला होता."

"वर्गात त्या नावाच्या आम्ही चौघी आहोत."

"मग एखादी हरवली तरी कळायचं नाही!" काका म्हणाले आणि सगळे खिदळले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबांच्या हातातला कागद ओढून घेतला. तो पिवळा पडला होता, घड्यांवर फाटला होता. खाली तारीख होती, माझ्या जन्माच्या दोन महिने आधीची.

"तेव्हा मुलगाच होणार असं धरून चाललो होतो गं," आई पुटपुटली. "मग ठेवलं जपून. पंधरा वर्षं कुणाला कळू दिलं नाही, उगाच कुणी उचलायचं."



"आईबाबा, परीक्षेच्या फॉर्मवर नाव बदलायची उद्या शेवटची तारीख आहे. हे माझ्या वेळी शोधलंत ना, मग मी हेच लिहिणार. बाळासाठी बसा आता दुसरं शोधत!"